मानांची अदलाबदल

शिवा: म्हणजे बोटं तुझी, नाव माझं, आणि रडली कोण, तर माझी बायको. बरोबर ना?

हरेश: हळू बोल. आत ऐकू जाईल.

शिवा: जाऊ दे. काल संध्याकाळी मी आंघोळीला गेलेलो, फोन प्रतिक्षानं घेतला. रोह्याच्या व्यायामवर्गातनं नूतन मॅडम बोलतात, शिवा म्हात्रे हायत का. ही बोलली, मी त्यांची मिसेस, काय असेल ते मला सांगा. तर मॅडमनी सांगितलं, तुमच्या मिस्टरांच्या उजव्या हाताची दोन बोटं बधिर झालीत, त्यांनी शनिवारी स्वतः सांगितलंय, हे मानेतनं येत असणार. उद्या हाडांचे डॉक्टर येतात, नक्की पाठवा, आणि तोवर मशीनवर काम करू देऊ नका. मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तर ही भिंतीला टेकून खाली बसलेली. माझा हात घेतला आणि एकेक बोट दाबून बघायला लागली.

हरेश: मग तू काय बोललास?

शिवा: काय बोलणार? मला तरी कुठं काय ठाऊक होतं. मीपण घाबरलो. जेवताना भात कालवतोय आणि बघतोय, चटका लागतो का नाय. लागला. मग सुई घेऊन टोचली, तर रक्त आलं आणि ओरडलोपण. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला, की दहा आठवडे रोह्याला शिवा म्हणून जातो तो मी नाय. तो तू.

हरेश: तिला सांगितलंस?

शिवा: नाय. तिला वाटतंय आज मीच आत जाणार. सकाळी देवाला नारळ ठेवून, माझ्या कपाळाला अंगारा लावून पाठवलंय. आणि तू मागच्या सीटवर गप्प बसून आलास, पेणपासून रोह्यापर्यंत. गाडी मी चालवली. तुझी गाडी हाय रे, आजवर कधी कुणाला चावी दिलीस तू?

हरेश: मान धरते गाडीवर.

शिवा: मान धरते का हातातला ब्रेक सुटतो? आणि दोन महिने टी-शर्टच घालतोस. बटणवाले शर्ट कुठं गेले तुझे? मी आपला समजलो, ह्याला म्हातारपणी फॅशन सुचली.

हरेश: तू काय पोलीस हायस?

शिवा: मी तुझ्या क्रेनच्या लोखंडी पंजाखाली, त्या ग्रॅबखाली उभा असतो, हरेश. तुझी बोटं बघायचा हक्क पोलिसापेक्षा माझा जास्त हाय.

हरेश: हे नाव बदलायचं लफडं आपल्या दोघांचं हाय, एवढं ध्यानात ठेव. मी एकट्यानं नाय केलं.

शिवा: कल्पना कुणाची? कंपनीनं जेटीवर कँप लावला, ज्यांच्या माना वर्षानुवर्षं दुखतात त्यांची नावं घेतली. कुठल्या व्यायामानं जास्त उतार पडतो ते बघायला चिठ्ठ्या काढल्या, कुणी काय करायचं. तुला आलं ते चीगाँग, चिनी लोकांचं. श्वास धरून हळूहळू हात फिरवायचे, पेणच्या हॉलात. मला आला इथला व्यायाम, रबरी पट्टे ओढायचा. तूच बोललास, हॉलासमोर माझ्या मेव्हण्याचं दुकान हाय. क्रेनवाला हरेश हवेत ढग पुसतो, असं तो गावभर करील. तू जा माझ्या नावानं, मी जातो तुझ्या.

हरेश: आणि तू लगेच व्हय बोललास. तुला पेण जवळ पडत होतं.

शिवा: बोललो. पेण जवळ पडतं म्हणून बोललो. मान काय, ह्याची काय नि त्याची काय, असं वाटलं. कुणाला काय कळणार होतं.

हरेश: तुला फरक पडला ना पण?

शिवा: पडला की. पहिल्या आठवड्यात हसू आवरत नव्हतं. शिकवायला एक इंदुबाई हायत, शाळेतनं रिटायर झालेल्या. त्या सांगायच्या, डोक्यावर भरलेली घागर हाय आणि पाणी हिंदकळू द्यायचं नाय, अशी मान ठेवा. आमच्यात निम्म्या बायका मिठागरावरच्या. त्या बोलल्या, बाई, घागर आम्हाला शिकवू नका. पण खरं सांगतो, चौथ्या आठवड्यात एक दिवस मी वर बघून तुला हात केला आणि मान ठणकलीच नाय. मी तसाच वर बघत राहिलो. तू वरनं शिव्या घातल्यास.

हरेश: आठवतंय.

शिवा: दहापैकी आठ दुखायचं ते तीनवर आलंय. कागदावर तुझ्या नावापुढं.

हरेश: माझंपण आठाचं तीन झालं. पट्टा ओढायचा, हनुवटी मागं न्यायची, डोकं उशीत दाबायचं. तुझ्या नावापुढं लिहिलंय.

शिवा: म्हणजे चिनी काय नि इथला काय, सारखेच निघाले.

हरेश: दुखणं तरी सारखंच उतरलं.

शिवा: दुखणं उतरलं. बोटं कधी गेली?

हरेश: ते राहू दे आता.

शिवा: एकोणीस वर्षं तू त्या केबिनच्या काचेतनं खाली बघतोस आणि मी खालनं वर बघतो. तुझी मान वाकून गेली, माझी ताणून. एवढ्या वर्षांत मी थांब म्हणून मूठ दाखवली आणि ग्रॅब थांबला नाय, असं एकदाच झालंय. गेल्या मंगळवारी.

हरेश: ब्रेक ढिला होता.

शिवा: निकेश फिटरनं ब्रेक उघडून बघितला. काय नव्हतं त्यात. पोराला साहेबानं लेखी विचारलं, ब्रेक कसा ढिला राहिला. तो बिचारा अजून शोधतोय, काय चुकलं. काळुराम धक्क्याला लागलेल्या बार्जच्या पोटात फावडं घेऊन कोळसा ओढत होता. त्याला खोकला आला म्हणून तो दोन पावलं बाजूला झाला. खोकला आला नसता तर? सांग ना.

हरेश: माझ्या हातात लिव्हर होता. मला वाटलं, मी सोडला.

शिवा: आणि?

हरेश: सोडलाच नव्हता. बोटं तशीच दाबून बसलेली. डोळ्यांनी खाली हाताकडं बघितलं तेव्हा कळलं. मग दुसऱ्या हातानं ओढून काढली.

शिवा: आई एकवीरे.

हरेश: घरी बायकोलापण नाय सांगितलं. वर जाऊन बसलो की पहिल्यांदा हाताकडं बघतो, मग खाली तुझ्याकडं. आणि हाताकडं बघितलं की तू दिसत नायस, तुझ्याकडं बघितलं की हाताचा भरवसा नाय. दिवसभर असंच चाललंय, दीड महिना.

शिवा: दीड महिना? दीड महिना मी खाली उभा हाय. मला सांगायचं सोडून तू त्या मॅडमला सांगितलंस?

हरेश: ती दर शनिवारी कागद घेऊन विचारते. दुखतं किती, झोप लागते का, हाताला मुंग्या येतात का. दरवेळी नाय बोलायचो. गेल्या शनिवारी ती बोलली, शिवादादा, खरं सांगा हं. आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं. शिवादादा बोलली म्हणून निघालं. हरेश बोलली असती तर नसतं निघालं. मला वाटलं, सांगतोय ते शिवाचं, माझं कुठं हाय.

शिवा: वा. म्हणजे दुखणं माझ्या नावावर टाकून तू मोकळा.

हरेश: सांगितल्यावर हलकं वाटलं, काय करू. घरी येऊन पोटभर जेवलो त्या दिवशी. ती फोन करील, हे डोक्यातच आलं नाय.

शिवा: बरं, आता पुढं काय?

हरेश: ऐक माझं. डॉक्टर आज पहिल्यांदा येतोय, तो मला ओळखत नाय, तुलापण नाय. मॅडमचा वर्ग अकरापर्यंत हाय, ती बाहेर येणार नाय. आतनं पुकारा होईल, शिवा म्हात्रे. तू जा. तुझंच नाव हाय, तुझीच बोटं हायत, एक शब्द खोटा बोलायचा नाय. तो बघंल, टोचंल, चांगली हायत बोलेल. कागदावर तसं लिहील. संपलं.

शिवा: संपलं?

हरेश: मॅडमला शनिवारी मी सांगतो, त्या दिवशी हातावर झोपलो होतो म्हणून तसं वाटलं.

शिवा: आणि उद्या सकाळी सात वाजता?

हरेश: मी सावकाश चालवीन. दोन्ही हातांनी लिव्हर धरीन. व्यायाम चालू हाय, उतार पडतोय. दोन महिने दे मला, शिवा.

शिवा: दोन महिने. रोज किती फेऱ्या मारतो तुझा ग्रॅब?

हरेश: कोलाडचा माझा मामा माहीत हाय ना. मानेचं ऑपरेशन केलं, चालत गेला तो स्ट्रेचरवरनं आला. अजून पलंगावर हाय, मामी भरवते त्याला. हा डॉक्टर तेच सांगणार. आणि नाय सांगितलं तरी क्रेन जाईल. मला दुसरं काय येतं? गेटवर बसवतील, आल्यागेल्याची वही लिहायला. ती तरी कुठल्या हातानं लिहू?

शिवा: तुला काय वाटतं, मला तुझी दया येत नाय?

हरेश: दया नको. त्या दिवसाची आठवण ठेव. धक्का बसून तू बार्जच्या पोटात पडलेलास, वरती भरलेला ग्रॅब, वायर सरकत होती. सगळे पळाले. मी पाच मिनिटं तो तसाच धरून ठेवला, तुला वर काढेपर्यंत. ह्याच हातानं.

शिवा: आठवण काढायला लागली का तुला? आमच्या देव्हाऱ्यात बघ येऊन. प्रतिक्षा दरवर्षी त्या दिवशी दिवा लावते, तुझ्या नावानं.

हरेश: मग जा आत.

शिवा: मीपण तोच विचार करतोय मघापासून. सरळ जावं, हात पुढं करावा, बाहेर यावं. दोघं मिळून चहा प्यावा नि घरी जावं. सोपं हाय. पण मग उद्या मी तिथं उभा राहणार आणि मला ठाऊक असणार. आजवर ठाऊक नव्हतं म्हणून उभा होतो. काळुरामला तर अजून ठाऊक नाय. त्याला मी काय सांगू, तू मधनंमधनं खोकत जा?

हरेश: असं बोलू नको.

शिवा: तू वर हायस म्हणून मी एकोणीस वर्षं डोळे झाकून खाली उभा राहिलो. आता तुझीच भीती वाटायला लागली. ह्याहून वाईट काय असतं?

नूतन: शिवादादा, आलात? बरं झालं. माझं सगळं लक्ष दाराकडे होतं, म्हणून वर्ग लवकर सोडला. डॉक्टर दहा मिनिटांत बोलावतील, त्याआधी मी एकदा हात बघून घेते. घरी वहिनी फार घाबरल्या का हो फोनवर?

हरेश: नाय, नाय. ठीक हाय ती.

नूतन: आणि हे कोण, सोबत आलेत?

हरेश: हा... हरेश. माझ्याबरोबर कामाला हाय. पेणच्या गटात हाय तो, चीगाँगच्या.

नूतन: अच्छा, हरेश ठाकूर तुम्ही. इंदुबाई कौतुक करतात तुमचं. या तुम्हीपण आत. सोबत कुणी असलं की बरं असतं.

शिवा: मॅडम, शिवा मी. हा हरेश. चिठ्ठ्या आम्ही बदलल्या पहिल्याच दिवशी, एवढी चूक केली. बोटं ह्याची हायत. हा क्रेन चालवतो, आणि मी त्याच्याखाली उभा असतो.

नूतन: खाली म्हणजे?

शिवा: खाली म्हणजे खालीच. हा वरनं कोळशाचा ग्रॅब सोडतो, मी खालनं हातानं दाखवतो, घे, थांब, सोड. माझ्या पलीकडं बार्जच्या पोटात आणखी चार माणसं असतात. गेल्या मंगळवारी मी थांब दाखवलं आणि तो थांबला नाय.

नूतन: हरेशदादा, खरं आहे हे?

हरेश: व्हय.

नूतन: शनिवारनंतरही तुम्ही क्रेनवर चढलात? काल, आजपर्यंत?

हरेश: कालपर्यंत. आज सुट्टी टाकली.

नूतन: चला आत. दोघंही.

(आतली खोली. हरेश खुर्चीवर, दोन्ही हात टेबलावर ठेवलेले. शिवा दाराशी उभा.)

हरेश: मॅडम, रागावलात का? तुमचा तक्ता बिघडवला आम्ही.

नूतन: तक्त्यातून तुमचे दोघांचे आकडे काढून टाकावे लागतील. ते मी नंतर करीन. आत्ता आधी हे सांगा. कँपमधल्या डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं होतं ना, हातात मुंग्या येतात का म्हणून?

हरेश: तेव्हा थोड्या येत होत्या. पण नाय बोललो. तेव्हा नाव माझं होतं.

नूतन: तेव्हाच बोलला असतात तर मी तुम्हाला कुठल्याच गटात घेतलं नसतं. सरळ तपासणीला पाठवलं असतं.

हरेश: पण दुखणं तर उतरलं की, मॅडम. ह्याचंपण उतरलं. आम्ही बाहेर तेच बोलत होतो, तुमचा व्यायाम काय नि ते चिनी काय, सारखंच.

नूतन: नुसती मान दुखते त्यांच्यात आत्तापर्यंत तसंच दिसतंय. कुणी पट्टे ओढले, कुणी श्वास घेत हात फिरवले, आराम साधारण सारखाच. पण नस दबलेली असेल तर ती गोष्ट वेगळी. दुखणं कमी होतं आणि माणूस समजतो, बरा झालो. मीपण तेच समजले. दर शनिवारी तुमचा आकडा उतरलेला बघून खूश होत होते.

हरेश: दोनच बोटं हायत पण. करंगळी आणि तिच्या शेजारचं. बाकी हात चांगला हाय.

नूतन: ते आता कळेल.

हरेश: आधी एक सांगून ठेवतो. तपासा तुम्ही. दोन बोटांपलीकडं काय नाय निघालं तर उद्या मी चढणार. तेवढ्यानं कुणी मरत नाय. शिवा, तुझ्यासमोर सांगतो. आणि जास्ती निघालं तर मी स्वतः साहेबाला फोन करीन, मंगळवारचंपण सांगीन, निकेशचा काय दोष नव्हता म्हणून. चालंल?

शिवा: मॅडमनाच विचार. मला काय विचारतोस.

हरेश: तुलाच विचारतोय.

शिवा: मला वाटतं तुझा हात चांगला निघावा. त्यापुढचं मला नाय सुचत.

नूतन: चढायचं की नाही, ते तुम्ही दोघांनी इथं ठरवायचं नाही. डॉक्टर ठरवतील, एमआरआय करून. मी फक्त बघते, त्यांना सांगायला. हा कापूस आहे. डोळे मिटा. कापूस लागला की 'हो' म्हणा. नाही लागला तर गप्प राहा, अंदाज करू नका.

हरेश: मिटले.

नूतन: आधी डावा.

हरेश: हो. हो. गुदगुल्या होतात. हो. हो.

नूतन: छान. आता उजवा, अंगठ्यापासून.

हरेश: हो. हो. हो, पण जरा पुसट.

नूतन: हं.

हरेश: आता त्या दोन बोटांवर याल तुम्ही. तिथं नाय कळणार, आधीच सांगतो.

नूतन: बोलू नका. नुसतं लक्ष द्या.

हरेश: बरं.

नूतन: शिवादादा, तुम्ही जरा खाली बसा. स्टूल आहे तिथं.

हरेश: काय झालं त्याला?

नूतन: काही नाही. तुम्ही डोळे मिटूनच ठेवा.

हरेश: मिटलेत. मनगटावर कळेल मला, बघा तुम्ही. मनगट चांगलं हाय माझं. करा ना सुरू. घाबरलोय, पण बसलोय ना सरळ.

नूतन: सरळ बसलात. तसेच राहा.

हरेश: शिवा, का थांबल्या रे मॅडम?

शिवा: थांबल्या नाय त्या, हरेश. कोपरापर्यंत आल्या.